कांबळे मॅडमचं इंजिन

कांबळे मॅडमनी पहिल्या भेटीत मला नावसुद्धा विचारलं नाही. कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत मी नुकताच राहायला आलो होतो. रविवारी सकाळी दूध घेऊन परतताना कंपाउंडच्या भिंतीलगत गोल दिव्यांची एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी दिसली आणि तिच्यात वाकलेली एक साठीची बाई. पंजाबी ड्रेसवर खाकी एप्रन, केसांना रबरबँड. माझी चाहूल लागताच मान न वळवता त्यांनी हातातला टॉर्च मागे केला. "जरा उजेड धरा. वर नको, खाली. हां." पिशवीतलं दूध कोमट होईपर्यंत मी उजेड धरून उभा होतो. मग म्हणाल्या, "हात स्थिर आहे तुमचा. पुढच्या रविवारी येत जा."

मी जायला लागलो.

मॅडम मूळच्या परभणीकडच्या. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. गाडी घेतली होती ती आईला दवाखान्यात नेता यावं म्हणून. आई गेली, गाडी राहिली. मी आलो तोवर तिचं इंजिन इतकं थकलं होतं की चालू केली की मागे निळा धूर आणि खिडक्यांतून लोकांची कुरकुर. आमच्या मजल्यावरचे सावंतकाका मालवणचे, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "मॅडम, ही आता भंगारात घाला. कित्याक तरास घेतात?"

"उघडल्याशिवाय बोलू नये, काका," मॅडम म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या सुनेबद्दल कोणी काही बोललं तरी त्या हेच म्हणायच्या.

इंजिन उघडलं. सिलेंडरला आतून चरे पडले होते. मॅडमनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इंजिन गेलं. गाडी नाही गेली." मग आरटीओची परवानगी काढून त्यांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका व्हॅनचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. ते या गाडीत सरळ बसणार नव्हतं. त्याला धरून ठेवणारे लोखंडी पाय नव्याने घडवावे लागणार होते, रेडिएटर सरकवावा लागणार होता.

आणि तिथून आमचे रविवार सुरू झाले. जुनं इंजिन चेनकप्पीला लटकवून बाहेर काढलं त्या दिवशी तर अर्धी सोसायटी खाली होती. ज्यांनी कधी स्क्रू पिळला नव्हता तेही सल्ले देत होते. मॅडम सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. खाली येताना मोठा थर्मास आणि स्टीलच्या पेल्यांची चळत आणायच्या. सावंतकाका घरची पुरणपोळी सोडून तिथे येऊन बसायचे. माप घ्यायचं, वेल्डरकडे जायचं, परत यायचं, बसत नाही म्हणून पुन्हा काढायचं. कोणालाच घाई नव्हती, मॅडमना तर नव्हतीच.

शेवटी एका सकाळी इंजिन बसलं आणि चालू झालं. धूर नाही, खडखड नाही. सावंतकाकांनी नारळ फोडला, कोणी पेढे आणले, आम्ही चौघं चारकोपपर्यंत फेरी मारून आलो. "झकास काम झालं, मॅडम," असं जो तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी खिडकीतून पाहिलं. गाडी पुसून लख्ख. बॉनेट बंद. मॅडम स्टुलावर बसलेल्या, बाजूला थर्मास. येणारे-जाणारे हात करत होते, "काय मॅडम, गाडी एकदम मस्त ना?" आणि पुढे जात होते. मलाही बायकोबरोबर कुठेसं जायचं होतं. त्यानंतरचे रविवारही तसेच गेले.

मग एकदा पाहतो तर बॉनेट पुन्हा उघडं आणि सावंतकाका त्यात डोकावतायत. मॅडमनी जुना टर्बो आणला होता. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. "रेस लावूची आसा काय?" काका हसत होते. लोक पुन्हा जमू लागले. पेले पुन्हा खाली आले.

एकदा दोघंच असताना मी विचारलं, "मॅडम, हे जमेल?"

"नाही जमणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्या इंजिनाला तो दाब सोसायचा नाही. गॅस्केट उडेल."

"मग कशाला?"

पाना फडक्याने पुसत त्या म्हणाल्या, "परब, चालू गाडीपाशी कोण थांबतं? वर घरी फोन वाजला तर बँकेचा असतो. आई होती तेव्हा निदान रागवायला कोणी होतं."

मी टॉर्च उचलला. त्यानंतर टर्बोचा पाइप आम्ही कितीतरी महिने बसवत होतो. मी कोणाला काही सांगितलं नाही.

मग आमची इमारत पुनर्विकासाला गेली. जो तो भाड्याची जागा शोधण्यात आणि खोकी बांधण्यात गुंतला. सावंतकाका मुलाकडे विरारला गेले. मॅडमना घाटकोपरला एका उंच इमारतीत जागा मिळाली, पण पार्किंग नव्हतं. त्यांनी टर्बो काढून टाकला, सगळे पाइप पहिल्यासारखे जोडले आणि गाडी आपल्या जुन्या आयटीआयला देऊन टाकायचं ठरवलं. मी सोबत गेलो. वर्कशॉपमधल्या पोरापोरींनी लगेच बॉनेट उघडलं, प्रश्न विचारले. मॅडम समजावत होत्या तोवर घंटा झाली आणि वर्ग रिकामा झाला. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

रिक्षाने आम्ही घाटकोपरला आलो. इमारतीच्या फाटकाशी उतरल्यावर मी "येतो" म्हणालो, तर त्या तिथेच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घराच्या दारातही गेलो नव्हतो. आमच्यापैकी कोणीच गेलं नव्हतं.

"परब," त्या म्हणाल्या, "आता काही काम नाहीये माझ्याकडे. तुम्ही तसेच याल का? नुसते?"

हे विचारायला त्यांना किती जड गेलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"येईन ना," मी म्हणालो.

मी जातो. दर रविवारी जमत नाही, पण जातो. त्या चहा करतात, खिडकीतून मेट्रो दिसते ती आम्ही बघतो. मधे काही उघडलेलं नसलं की आम्हा दोघांनाही फारसं बोलायला सुचत नाही. मी उठायला लागलो की त्या म्हणतात, "बसा हो, काय घाई आहे." मग मी आणखी थोडा वेळ बसतो.