आतोबांची लवंग

इंजिनच्या नळीतली लवंग काढून स्वतःच्या तोंडात टाकणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला! आतोबा म्हणजे पेडगावच्या आत्याचे यजमान. शेतीवाडी बरी, माणूस देवासारखा, पण सगळा जीव अंगणातल्या जुन्या पेट्रोलच्या ट्रकमध्ये. सगळं जग डिझेलवर गेलं, तरी हे आपले दर महिन्याला त्या धुडाचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावायला बसणार. काय तो सोहळा! आधी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन पुलीवरच्या खुणेवर रेघ मारायची. मग ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूमची नळी काढायची, कारण गाडी पळताना ठिणगी लवकर पाडणं हे तिचं काम, आणि टायमिंग लावताना ती जोडलेली असली तर इंजिन खोटं बोलतं म्हणे! नळीतून हवा शिरू नये म्हणून तिला बूच हवं, आणि बूच कशाचं, तर लवंगेचं. "अगं, एक लवंग दे, जाडशी!" अशी आरोळी आली की आत्या मसाल्याचा डबा घेऊन बडबडत बाहेर यायची. इंजिन सुरू व्हायचं, टायमिंगचा दिवा लुकलुकायला लागायचा, आतोबा डिस्ट्रिब्यूटर केसभर पुढं, केसभर मागं फिरवायचे, आणि मधेच शेजारची शेळी ओरडली तर तिच्यावरही खेकसायचे. चुन्याची रेघ जागेवर थबकली की लवंग नळीतून काढून, शर्टाला पुसून थेट तोंडात! "पेट्रोलचा वास येत नाही का हो?" मी एकदा विचारलं. "येतो की! तीच तर मजा हाय!"

यंदा मात्र आत्याचं डोकं फिरलं. वाळवण घालायला अंगणात जागा उरली नाही म्हणून तिनं सरळ भंगारवाल्यालाच बोलावणं धाडलं. आतोबा हादरले. शेवटी तह झाला: कडबा भरून गाडी पाथरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत बिनतक्रार गेली तर राहील, नाहीतर आजच भंगारात. भंगारवाल्याच्या देखत टायमिंग लागलं. आतोबांनी घाईघाईनं नळी जोडली आणि ते, आत्या नि मी असे तिघं केबिनमध्ये चढलो. मागं मोटारसायकलवर भंगारवाला! मी सारखा मागं वळून बघत होतो! आणि गाडी? सपाट रस्त्यावर रेंगाळायला लागली. ओढच नाही. थोड्याच वेळात तापून वाफा सोडायला लागली. भंगारवाला आम्हाला ओलांडून पुढं गेला, तोही हसत.

आतोबांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरून हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे. नेऊ दे त्याला." मला रडूच यायला लागलं. आत्या जिंकली होती, गप्प बसली असती तर काम झालं असतं. पण ती त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"अहो!" ती एकदम ओरडली. "तुमच्या तोंडात लवंग कुठाय?"

आतोबांनी तोंडात जीभ फिरवली आणि धाडकन खाली उडी मारली! बॉनेट उघडलं, नळी उपटली, आत्यानं डोक्यातली पिन काढून दिली, आणि नळीत आत जाऊन बसलेली लवंग बाहेर आली; नळीच तुंबली म्हणून ठिणगी उशिरा पडत होती! इंजिन जरा निवू दिलं, पाणी घातलं, नळी पुन्हा जोडली, आणि मग गाडी अशी सुटली की काय विचारता! फाट्यावर चहा पीत बसलेला भंगारवाला बशी हातात धरून बघतच राहिला. मी खिडकीतून बाहेर डोकं काढून ओरडत होतो.

परतताना मात्र आतोबांनी गाडी हळू केली. म्हणाले, "आजवर कधी इसरलो न्हाई गं. आता इसरायलोय."

आत्यानं मुठीतली ती काळी लवंग पदराला पुसली आणि त्यांच्या तोंडात घातली.

"मी हाय की ध्यानात ठेवायला," ती म्हणाली. "तुमी गाडी चालवा."