बिनक्लचची गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अम्मीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? बहुधा तुम्ही पौडच्या बाजारात मला भेटणार नाही, म्हणून.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे, ती फक्त गाडीची आहे असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत आले.

माहेर-सासर दोन्ही धरून आमच्यात गाडी चालवणारी बाई मी एकटी. घोटावड्याच्या एका कारखान्यात ऑफिसात नोकरी करते, त्या पगारावर छोटी गाडी घेतली. बेस मॉडेल. चाकं साधी लोखंडी, मागच्या काचा हातानं फिरवून उघडायच्या, टेप बाहेरून बसवून घेतलेला. पण गाडी माझी होती आणि चालवत मी होते. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला लग्नाला, फोन मला यायचा. ‘आपा हाय ना,’ म्हणायचे सगळे. ते ऐकायला मला किती गोड वाटायचं, हे मी कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

माझी धाकटी बहीण रेहाना पौडलाच दिली. तिच्या नवऱ्याचं, युनूसचं, हार्डवेअरचं दुकान आहे, माणूस सरळ. रेहाना लवळ्याला एका कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होती. लहानपणी पडल्यापासून तिचा डावा गुडघा नीट वाकत नाही. क्लच डाव्याच पायानं दाबायचा, म्हणून तिनं गाडी शिकायचा विषय घरात कधी निघालाच नाही. फाट्यापर्यंत एसटी, तिथून टेकडीवर पोरांनी खच्चून भरलेली रिक्षा. संध्याकाळी गुडघा टम्म सुजायचा. तो शेकताना मी तिला कितीदा पाहिलंय. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

युनूसनं गाडी घ्यायचं ठरवलं, माझ्यासारखीच. घरात गाडीतलं कळणारी मी, म्हणून मला भूगावच्या शोरूममध्ये सोबत नेलं. तिथं दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. एक बेस, हुबेहूब माझी. दुसरी त्याच गाडीचं स्पोर्ट मॉडेल. काळी चकचकीत चाकं, सीटला लाल शिलाई, समोर मोठा स्क्रीन. आणि तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. ही सोय फक्त स्पोर्टमध्ये, बेसमध्ये नाही.

रेहाना तिच्यात बसली. डावा पाय तिनं नुसता बाजूला ठेवून दिला. त्या पायाला काहीच काम नव्हतं. ती खाली बघून हसली, आपल्या पायाकडे. मग सेल्समन तिला मागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. तो तिच्या शेजारी, मी आणि युनूस मागच्या सीटवर.

आधी ती घाबरली, मग सरावली. एकदम एक म्हैस आडवी आली. माझाच पाय आपसूक पुढं रेटला गेला, पण रेहानानं शांतपणे ब्रेक दाबला आणि गाडी अलगद थांबली. चढावर सेल्समननं मुद्दाम थांबायला लावलं. गाडी तसूभरही मागं सरली नाही. “आपा, लई हलकी हाय गं,” ती आरशातून मला म्हणाली. तिचा चेहरा... कसा सांगू? ती लहान होती तेव्हा असा असायचा.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. मी घाटात गाडी बंद पाडत, मागच्यांचे हॉर्न खात, रडत शिकले होते. आणि हिला पहिल्याच दिवशी जमलं? तेही माझ्यापेक्षा भारी गाडीत? उद्या फोन तिला जातील. उद्या माझी गाडी तिच्या गाडीशेजारी लागेल आणि कुणीतरी म्हणेल, हे साधं मॉडेल दिसतंय. इतकं क्षुद्र. मी त्याला दुसरं नाव शोधून पाहिलंय, सापडलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी युनूसनं विचारलं, “आपा, तुमीच सांगा. दोनीत खरा फरक काय हाय?”

मी म्हणाले, “स्टिकर आणि लाल दोरा. बाकी काय न्हाई.”

“आन् ती बिनक्लचची सोय?”

इथं मी थांबू शकले असते. मी म्हणाले, “असली गाडी लवळ्याच्या चढाला मागं घसरती. आमच्या कंपनीतल्या एकाची घसरली.” असा कुणी आमच्या कंपनीत नव्हता. युनूसला तरीही पटेना. मग मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “आन् खरं सांगू का? तिचा पाय तसला. ऐन वेळेला ब्रेक न्हाई दाबला गेला तर?”

ब्रेक उजव्या पायानं दाबतात. तिचा उजवा पाय धडधाकट आहे. मला हे माहीत होतं, युनूसलाही माहीत असावं, पण मी ज्या काळजीच्या सुरात बोलले त्यापुढं त्यालाही ते आठवलं नाही. रेहाना दारात कप घेऊन उभी होती. तिनं चहा ठेवला आणि आत गेली.

त्यांनी बेस घेतली. गाडी युनूस चालवायचा, आणि सकाळी त्याला दुकान उघडायचं असायचं. रेहानाचे रिक्षाचे हाल तसेच राहिले. पुढं गुडघ्यानं दगा दिला आणि तिनं नोकरी सोडली. नोकरी सुटल्यावर एकदा मला म्हणाली, “बरं झालं तू येळेवर बोललीस. म्या कुणाला तरी उडवलं असतं.” हल्ली ती रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरते. पूर्वी धरत नव्हती. पायावरचा तिचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला. आणि हात धरल्यावर मला, अजूनही, थोडं बरं वाटतं. हेही सांगून टाकते.

गेल्या महिन्यात युनूसनं जुनी गाडी काढून नवी घ्यायची म्हटलं. आम्ही तिघं त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यानं रेहानाला विचारलं, कोणती घेऊ? ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मला काय इचारता. म्या थोडीच चालवनार हाय. आपाला इचारा.”

दोघं माझ्याकडे बघत राहिले. बोलायला भरपूर वेळ होता. कुणाला घाई नव्हती, मध्ये कुणी आलं नाही, फोन वाजला नाही.

मी म्हणाले, “पांढरी घ्या. धूळ कमी दिसती.”