अंगणात आलेली खुर्ची

चौकातल्या सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. कैची चालू झाली की तोंड चालू. कैची थांबली तरी तोंड चालूच. कुणाकडे रंगकाम निघालंय, कुणाची बदली झालीय, नळाला पाणी का नाही, सगळं त्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळायचं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. काही आठवडे काचेच्या पेटीत ठेवावी लागली. एवढीशी, सुरकुतलेली. बायको तिला शेंग म्हणायला लागली आणि तेच चिकटलं. घरी सोडताना मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"हिची फुप्फुसं अजून नाजूक आहेत. फ्लूची लस हिला इतक्यात देता येत नाही. आईला गरोदरपणातच दिलीय. राहिलात तुम्ही. तुम्ही धडधाकट राहायचं, एवढंच औषध आहे हिच्यासाठी."

तो तडक लस टोचून घ्यायला गेला. दवाखान्यातल्या सिस्टरने फ्रीज उघडून रिकामा कप्पा दाखवला.

"संपली. सगळीकडेच संपलीय. नंबर देऊन ठेवा, आली की कळवते."

"कधी येईल?"

"ते मला ठाऊक असतं तर लोक माझ्यावर एवढे चिडले असते का?"

घरी जाताना त्याला आपल्याच धंद्याची धास्ती वाटायला लागली. दिवसभर लोकांच्या नाकाशी नाक लावून उभं राहायचं काम. थंडी पडलेली, निम्मी गल्ली शिंकत होती. आणि दुकान बंद ठेवून तर चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खुर्चीचे नट सैल केले आणि ती ओढत ओढत दुकानामागच्या अंगणात आणली. भिंतीला खिळा ठोकून आरसा टांगला. तोंडाला मास्क बांधला. आणि बोलणं बंद केलं.

"मी बोललो की गिऱ्हाईक बोलणार," त्याने बायकोला समजावलं. "तोंडावर तोंड. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

"तुला जमेल?"

"बघू."

लोकांना वाटलं, घरात भांडण झालंय. एकाने तर आडून आडून चौकशीही केली. गार वाऱ्यात मान भादरून घेताना काहीजण कुरकुरले, पण येत राहिले. संध्याकाळी तो घरी आला की कपडे दारातच काढायचा, साबणाने चोळून आंघोळ करायचा आणि मगच शेंगेला उचलायचा.

एक दिवस मास्तर आले. त्याला शाळेत शिकवलेले, आता एकटेच राहणारे. दर आठवड्याला दाढीला यायचे. खुर्चीत बसले आणि खोकले.

"मास्तर, आज नको."

"का रे? दाढी दिसत नाही का माझी?"

"खोकताय तुम्ही."

"घसा खवखवतोय जरा. तू वर्गात नाक ओढत बसायचास, तेव्हा मी हाकललं होतं का तुला?"

"नव्हतं. पण तेव्हा तुमच्या घरी शेंग नव्हती."

मास्तरांनी मफलर गुंडाळला आणि ते उठून गेले. दुपारी घरी याने ताट तसंच बाजूला सारलं.

"ज्यांनी मला पाटीवर हात धरून लिहायला शिकवलं, त्यांना मी परत पाठवलं," तो म्हणाला.

"पाठवायलाच हवं होतं," बायको म्हणाली. "पण जेवताहेत का ते, एवढं तरी बघून ये."

तिने डबा भरून दिला. त्याने तो मास्तरांच्या दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि रस्त्यावर येऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली. मास्तरांचा चेहरा तापाने लाल झाला होता.

"फ्लूच निघाला," ते म्हणाले. मग डब्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, तिखट जरा बेताचं."

ते बरे होईपर्यंत डबा जात राहिला. रोज खिडकीतून काहीतरी खोड काढली जायची. खोड मोठ्या आवाजात आली की हा समजायचा, ताप उतरतोय.

मग एका सकाळी सिस्टरचा फोन आला. "थोड्याच आल्यात. लगेच या." खुर्चीतल्या माणसाच्या एका गालाला नुसता फेस होता. तो म्हणाला, "जा तू, मी बसतो असाच." रेडिओ दंडाला कापूस दाबून परत आला तेव्हा फेस वाळून गेला होता.

"लगेच निर्धास्त होऊ नका," सिस्टरने बजावलं होतं. "अंगात भिनायला दोन आठवडे जातात." त्यामुळे खुर्ची बाहेरच राहिली, मास्कही राहिला. थंडी ओसरेपर्यंत त्याला साधी कणकणसुद्धा आली नाही.

ऊन तापायला लागल्यावर मात्र बायकोलाच सर्दी झाली आणि तिच्याकडून शेंगेला. नाक चोंदलं, दूध ओढताना ती दमायला लागली. दोघं तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"छाती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "साधी सर्दी. वजनही छान वाढलंय. आता एवढं हिला झेपतं."

बाहेर आल्यावर त्याने तिला खांद्यावर घेतलं. ती त्याच्या गालावरच शिंकली.

"पूस की," बायको म्हणाली.

"पुसतो घरी गेल्यावर," तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी तिला धरून चालू लागला.