लाल टेबलावरची पिरी

पिरोश्का हालमोश रविवारी चर्चला जायची आणि उरलेला आठवडा माणसांची मुंडकी रंगवायची. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या आमच्या कारखान्यात कॉमिक्सच्या छपाईसाठी रंगांचं काम चाले. सगळ्यात जास्त खप भुताखेतांच्या अंकांचा. एका अंकात चार गोष्टी. निदान दोन गोष्टींत बायको नवऱ्याला विष घालायची आणि नवरा थडग्यातून उठून जाब विचारायला यायचा. चित्रं न्यूयॉर्कहून काळ्या रेघांत यायची. लाल कुठे, पिवळा कुठे, ते आम्ही बायका कुंचल्याने भरायचो. लाल टेबल पिरीचं, शेजारचं पिवळं माझं.

पिरी खाटकाची मुलगी. पहिल्याच दिवशी म्हणाली, “हे कसलं रक्त? टोमॅटोचा रस आहे हा. तासाभराने रक्त तपकिरी पडतं.”

“वाचकांना लालच हवं,” मुकादम ट्विचेल खेकसला. “तुझं ज्ञान दुकानात ठेव.”

त्यानंतर अंकातल्या प्रत्येक कुजक्या प्रेताला पिरीने ट्विचेलसारखे गाजरी केस दिले. त्याला दोन वर्षं पत्ता नव्हता. शेवटी त्याच्या बायकोने ओळखलं, आणि तिला ते फार आवडलं.

मग १९५४ साल उजाडलं. कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात, असं टीव्हीवर मोठमोठी माणसं सांगायला लागली. आमच्या फादर बेनेडेकनी प्रवचनात मेजावर हात आपटला. “जांभळी जीभ लोंबणारं मुंडकं! हे आपल्या घरात?” दुसऱ्या शनिवारी चर्चच्या अंगणात या अंकांची होळी ठरली. ढीग पेटवायच्या आधी पिरी पुढे झाली.

“फादर, तुम्ही असलं वाचता?”

“छे! हात लावत नाही मी.”

“मग जिभेचा रंग कसा कळला? ते मुंडकं अगदी शेवटच्या पानावर आहे. त्या जिभेतला लाल माझा.”

लोक इतके हसले की फादरच्या हातातली काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली. ढीग पेटलाच.  परतल्यावर पिरी घराच्या पायरीवर बसून रडली. “एकेक पान रंगवायला तास जातात गं,” म्हणाली, “आणि जळायला काहीच नाही.”

वर्षभरात भुतांचे अंक बंद पडले. नवे नियम आले: रक्त नको, प्रेत नको, गळा खोल नको. उरलेल्या जुन्या पानांवरचं रक्त पुसायचं काम पिरीलाच मिळालं. निम्म्या बायका घरी गेल्या. पिरी निवृत्त होईपर्यंत बदकांचे गळपट्टे रंगवत राहिली. अंकावर चित्रकाराचं नाव यायचं, आमचं कधीच नाही.

त्या होळीनंतर वीसेक वर्षांनी एक दाढीवाला तिच्या दारात आला. हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जुना अंक. कारखान्यातल्या बायकांचा माग काढत आला होता.

“बाई, हे तुम्ही रंगवलंय ना? सही द्याल?”

पिरीने चष्मा चढवला. “इथे लाल रेघेबाहेर गेलाय. थांब, कुंचला आणते.”

“नको, नको, देवाशपथ नको!” दाढीवाला किंचाळला. त्याने अंक छातीशी धरला.

शेवटी तिने मागच्या पानावर सही केली, अख्ख्या नावाची, ठसठशीत. मग त्याला पाप्रिकातलं, म्हणजे आमच्या हंगेरीच्या लाल मिरचीतलं, कोंबडं वाढलं आणि ट्विचेलच्या केसांची गोष्ट सांगितली. तो पुढच्या रविवारी आणखी अकरा अंक आणि दोन मित्र घेऊन आला. पिरीने मला फोन केला: “ये लवकर, पिवळ्याचीही सही हवीय म्हणे.”