पंधरा फुटाची वायर

मांजरसुंब्याला धाब्यावर बसलो की कुणी ना कुणी इचारतंच, "मामा, लढाईत काय पाहिलं?" खरं सांगू का, मी सुमनची पाठ पाहिली. बाकी टायमाला डोळे मिटलेले. पण भ्यायचे किस्से इतके साचलेत, की एक काढला की दुसरा आपोआप बाहीर पडतो.

सुमन आमच्या पाली गावची. माझ्या थोरल्या भनीची, अक्काची एकुलती लेक. कॅमेरा घेऊन लढाईत गेलेली आमच्या भागातली पयली तीच. आधी आमी लग्नाच्या शूटिंगा करायचो. बातम्यांच्या शूटिंगला सरहद्दीवर निघालो तवा अक्काला सांगितलं, लांबच्या लग्नाची ऑर्डर हाय. अक्का मला म्हणली, "पोरीला नजरंआड करू नको."

तितं आवाजाचं काम माझ्याकडं. रेकॉर्डिंगचा डबा माझ्या गळ्यात, तिथून वायर तिच्या कॅमेऱ्याला. पंधरा फूट. म्हंजी मी बसलो की सुमनला पुढं जाता यायचं न्हाई. मी लई येळा बसलो.

"उठा मामा."

"गुडघा धरलाय."

"काल दुसरा धरला होता."

पयल्याच दिवशी चौकीत एक फौजी रायफल घेऊन बसलेला. लग्नाची सवय, तोंडातून गेलं, "साहेब, हनुवटी जरा वर." त्यानं केली. तेवढ्यात शेजारी गोळा पडला, छताची माती आमच्या डोस्क्यावर. मी खाटंखाली. त्यो तसाच, हनुवटी वर. म्हणला, "हो गया क्या?"

एक गाव सगळं रिकामं झालेलं. घरं उघडी, चुलीवरचा तवा अजून गरम. मला भ्या वाटलं म्हणून मस्करी केली, आत तोंड घालून वरडलो, "कौन है?"

आतून आवाज आला, "मैं हूँ."

मी जे पळालो, वायरनं सुमनबी माझ्यामागं फरफटत आली. आत एक म्हातारी होती. म्हशीला सोडून जाईना.

मग सुमननं वायरलेस माइक आणला. "मामा, आता बसा निवांत." ती खंदकातून पुढं गेली, मी भिंतीआड. हेडफोनात तिचा श्वास. ती मला ऐकू येती, मी तिला न्हाई.

गोळे सुरू झाले. "मामा, आडवी पडलीय. हलता येत न्हाई. आईचा फोन आला तर सांगा, जेवायला बसलीय." पुढं नुसता श्वास.

फोन वाजला. एका कानात सुमन, दुसऱ्या कानाला अक्का.

"पोरगी कुठंय?"

"जेवायला बसलीय."

"मग एवढं वाजतंय कावून?"

"वरात निघालीय, अक्का. फटाके."

अक्कानं फटाके ऐकले. मागं तिची शेरडं वरडत होती.

"फोन ठिवू नको," म्हणली. "ती उठंस्तवर मी हाय."