पुढचं माहीत असलेली बाई

डावा कान फुटला त्या सोमवारी प्राप्ती वखारीत आली ती कानात कापूस कोंबून. पात्यासमोर बसल्या बसल्या तिने विचारलं, शनिवारी गोष्टीत कुठं राहिलो होतो आपण? आम्ही अकरा बायका. एकीनेही कानाचं विचारलं नाही. तो तांडेल त्या पोरीला गलबतावर चढवत होता तिथं, असं आम्ही सांगितलं नि ती पुढचं सांगायला लागली. मेलं, आमचंही चुकलंच. कान फुटलेल्या बाईकडून आम्ही गोष्ट ऐकत बसलो.

मी रंगू. श्रीवर्धनच्या या वखारीत एकवीस वर्षं सुपारी सोलते. पाटाला ठोकलेल्या पात्यावर सुपारी दाबायची, पिळायची, साल ओढायची. हात आपोआप चालतात, डोकं मात्र रिकामं राहून कुजतं. प्राप्ती आल्यापासून ते कुजणं थांबलं. ती वाचनालयातून कादंबऱ्या आणायची, सगळ्या एकाच जातीच्या. आजची पोरगी समुद्रातल्या किल्ल्यात फिरायला जाते, कुठल्याशा दाराचा उंबरा ओलांडते आणि तीनशे वर्षं मागे जाऊन पडते. तिथं तोफा, जाळपोळ, कापाकापी, नि त्यात गलबतावरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, हिच्यावर जीव टाकतो. प्राप्ती ते आम्हाला सोलता सोलता सांगायची, प्रत्येकाचा आवाज काढून. तलवारीचा घाव आला की सुपारी खच्चकन पात्यावर दाबायची.

मला ते थोतांड वाटायचं. मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलंच, तीनशे वर्षांपूर्वीचा पुरुष नि बाईला विचारतोय, तुला काय वाटतं? लिहिणाऱ्याला लाज नाही वाटली? सगळ्या हसल्या. प्राप्तीही हसली नि म्हणाली, तेवढ्यासाठीच तर वाचते मी. मग मी विचारलं, अगो बाय, तिथं ना डॉक्टर ना दिवे, रोज मुडदे पडतात, तुला तिथं जायचंय कशाला?

तिने हात थांबवला. "मावशी, ती आजची हाय ना, तिला पुढचं माहीत असतं. हल्ला कुठल्या दिवशी येणार, कुठल्या दरवाजानं येणार, सगळं. ती आधी सांगते नि किल्ल्यावरची माणसं तिचं ऐकतात. मला पण माहीत असतं. माझं कोण ऐकतं?"

मी मान खाली घालून सोलत राहिले, कारण तिने मला सांगितलं होतं. दोनदा ती घर सोडून किहीमला आईकडे गेली होती. दोन्ही वेळा तिचा नवरा मितेश माझ्या दारात रडत आला, दोन्ही वेळा मी एसटीने गेले आणि तिला समजावून परत आणली. म्हटलं, पोरी, सगळ्यांचं असंच असतं. दोन्ही वेळा येताना गाडीत ती म्हणाली होती की येत्या शनिवारी तो हात उचलणार. मी म्हटलं, वाईट बोलू नये. पहिल्या खेपेला तिचा दात गेला. दुसऱ्या खेपेला हा कान.

शनिवार तिला पाठ होता. मितेश टेम्पो चालवतो. शनिवारी मुंबईत माल टाकून चारच्या सुमाराला परततो. नाक्यावर हॉर्न वाजवला तर निभावलं. हॉर्न न देता आला की पट्टा, नाहीतर हाताला लागेल ते.

कान फुटला त्याच आठवड्यात ती अलिबागला वकिलाकडे जाऊन आली. शनिवारी सकाळी गोष्ट काढलीच नाही. पाटावर बसून सरळ बोलली, "त्याला वकिलाचं कळलंय. आज चार वाजता येईल, मागच्या दारानं, टेम्पोतली लोखंडी टामी घेऊन. किहीमला पळाले तर तिथं येईल. कोण येतं माझ्यासंगं?"

आमच्यातल्या नसीबाने आधी आपला पाट बाजूला सारला. तिचा नवरा दुबईला, घरात ती एकटी, तिलाही भीती होतीच. तिच्यामागून मी उठले. अकरातल्या सात जणी गेलो. ज्या आल्या नाहीत त्यांची नावं घेत नाही.

तिच्या घरामागच्या वाडीत आम्ही दबून बसलो. प्राप्ती ओरडली की धावायचं ठरलं होतं. टेम्पो हॉर्न न देता आला. मितेशने मागचं दार लाथेने उघडलं, हातात टामी होती. तो शिव्या देतोय ते ऐकू आलं, भांडी पडली, तिचं डोकं ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. आम्ही ओरडण्याची वाट बघत राहिलो. ती ओरडलीच नाही. सहा वर्षं मुकाट मार खाऊन बाईची ओरडायची सवयच गेली होती, आणि आमच्यातल्या एकीच्याही ते ध्यानात आलं नाही. मग हाडावर लोखंड बसल्याचा आवाज झाला. तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आत गेलो तर ती जमिनीवर, उजवा हात चिरडलेला, केसांतून रक्त, आणि त्याने दुसऱ्या घावासाठी टामी डोक्यावर उचललेली. नसीबाने त्याच्या पाठीवर उडी मारून मान आवळली. माझ्या हातात झावळीचा दांडा होता. पहिला फटका मनगटावर घातला, टामी पडली. तिथंच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. खांद्यावर, पाठीवर, पायांवर, तो गुडघ्यावर येऊन नको म्हणेपर्यंत मारलं आणि नंतरही मारलं. दोनदा तिला मीच आणून दिली होती, तो सगळा राग मी त्याच्यावर काढला. शेवटी नसीबा त्याला सोडून मला धरायला आली.

पोलिसात तक्रार झाली. त्याला अटक झाली, जामीनही झाला. प्राप्तीच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत, सोलायचं काम कायमचं गेलं. ती नसीबाच्या माळ्यावर राहते. वखारीत मात्र रोज येते, डाव्या हाताने सुपाऱ्या निवडते नि गोष्ट सांगते. परवा ती कादंबरी संपली. शेवटी ती पोरगी तांडेलाला सोडून आपल्या काळात परत जाते नि रडत बसते. बायकांनी नुसता गिल्ला केला. प्राप्ती पुस्तकाकडे बघत म्हणाली, "परत कशाला जाते ही? कोणी समजावलं हिला?" माझं बोट पात्यावर कापलं. कोणाला दिसू नये म्हणून मी ते पदरात धरलं.

काल दुपारी मितेश माझ्या दारात आला. मनगट प्लास्टरमध्ये, दाढी वाढलेली, डोळ्यांत पाणी. आधीच्या दोन्ही वेळांसारखंच. म्हणाला, "मावशी, ती तुमचं ऐकते. दोनदा तुम्हीच आणून दिलीत. एकदा शेवटचं."

खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. झावळीचा दांडा दाराआड होता, पण मी त्याला हात लावला नाही.

"तिसऱ्यांदा आणली तर तू तिला मारून टाकशील," मी म्हटलं. "पुढचं मला बी माहीत हाय आता."

त्याचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. तो वळला नि टेम्पोत बसला. मी कडी घातली आणि आधी नसीबाला फोन लावला. म्हटलं, तो निघालाय इथून, हॉर्न न देता. सगळ्यांना बोलाव, आणि या वेळी ओरडायची वाट बघू नका.