वरणातला केस

नाथा न्हावी दर तिसऱ्या आठवड्याला मागच्या दाराने येई. माई मोरीपाशी भिंतीकडे तोंड करून पाटावर बसत. दोघंही बोलत नसत. त्रेपन्न सालच्या आषाढात मात्र वस्तरा कानामागे थांबला.

"माई, इथं गजकर्ण दिसतंय. रुपयाएवढं."

"असू दे. तू कर."

त्याने केलं. त्याच वस्तऱ्याने तो सकाळी उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात चार डोकी करून आला होता आणि अजून दोन घरं बाकी होती.

माई म्हणजे विष्णुपंतांच्या थोरल्या भावाची विधवा. एकविसाव्या वर्षी डोकं झालं, तेव्हापासून दिराची चूल त्यांच्याकडे. दिराची बायको गेल्यावर त्याची मुलगी कुमुदिनीही त्यांच्याच पदराखाली वाढली. गावी सोवळं उंच दांडीवर वाळे, तिथे कोणाचा हात पोचत नसे. अंबरनाथला चाळीत आल्यावर अंगण सात बिऱ्हाडांचं झालं. कोण शिवलं, कसं कळणार? म्हणून विष्णुपंतांनी ठरवलं की आंघोळ झाली की आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, पिळून ओलंच नेसायचं. सात वर्षं ते माईंच्या अंगावरच वाळत होतं.

गजकर्णाचं कळल्यावर विष्णुपंत म्हणाले, सोवळ्यात कुठेतरी कमी पडतंय. मग आंघोळी दोन झाल्या, ओलं नेसणंही दोनदा. श्रावण लागेतो कमरेभोवती लाल चकदळं उठली. पोळी लाटता लाटता माई कंबर ओट्याच्या कडेला घासत.

शेवटी एका सोमवारी, शिवमंदिरात जाऊन येतो असं सांगून, कुमुदिनी त्यांना कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरकडे घेऊन गेली. बराकीतली एक खोली, मध्ये चादरीचा आडोसा. डॉक्टरने पदर मागे घ्यायला सांगितलं तेव्हा माईंनी डोळे मिटून घेतले. तो सांगत होता, आधी फक्त पोरांची डोकी यायची, आता मोठी माणसं येतात, कंबर, जांघा, सगळं घेऊन. बराकीत दाटी, पाण्याची मारामार, कपडे धड वाळत नाहीत.

"आपके यहाँ भी कपडा सूखता नहीं, माई?"

"सुकतो की. आम्ही मुद्दाम ओलं नेसतो."

आपलं मराठी कच्चं पडलं असं वाटून डॉक्टरने कुमुदिनीकडे पाहिलं. तिने सगळं समजावलं. तो हसला नाही.

"कपडा सूखा. उस्तरा बंद, बाल बढने दो. वो उस्तरा कभी उबलता भी है?"

माईंनी नकारार्थी मान हलवली. मलमाची डबी कनवटीला लावून त्या घरी आल्या.

नाथाला त्यांनी दोनदा परत पाठवलं, अंगात कणकण आहे म्हणून. आलवण चुलीमागच्या दोरीवर वाळवून त्या कोरडं नेसू लागल्या आणि पदरावर पाण्याचे चार हबके मारू लागल्या. विष्णुपंतांना दिसायचा तो पदर. तेवढा भिजला की झालं. कुमुदिनी म्हणायची, माई, तुम्ही नाटकात जायला हवं होतं.

खाज थांबली. डोक्यावर बोटाच्या पेराएवढे पांढरे केस आले. आमटी ढवळताना माईंचा डावा हात आपोआप पदराखाली जाई आणि चटका बसल्यासारखा परत येई.

पितृपक्षात माईंच्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. विष्णुपंतांनी वरणभाताचा घास कालवला आणि त्यातून एक केस बाहेर काढला. आखूड, पांढरा. त्यांनी तो पानाच्या कडेला ठेवला. कुमुदिनीची वेणी कमरेइतकी लांब, काळीभोर. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर टकलाखेरीज काही नव्हतं.

"वहिनी, पदर मागे घ्या."

माईंनी घेतला नाही.

"मी जबरदस्ती करत नाही. केस ठेवायचे तर ठेवा. पण चुलीपाशी सोवळ्यातलं माणूस हवं. उद्यापासून कुमुदिनी शाळेत जाणार नाही."

तिचं मॅट्रिकचं वर्ष होतं. ती हळूच म्हणाली, मी करीन स्वयंपाक, घरी बसूनही परीक्षा देता येते. घरी बसून काय काय होतं ते माईंना तीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी तिला गप्प केलं आणि नाथाला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी नाथाने पाट मांडला. माई बसल्या नाहीत.

"आधी वस्तरा दे."

त्यांनी तो पातेल्यात टाकला, वर पाणी ओतलं आणि पातेलं सोवळ्याच्या चुलीवर चढवलं.

"माई, चूल बाटंल."

"उकळी फुटू दे."

पुढल्या खोलीत विष्णुपंतांची पूजा चालली होती. कुमुदिनी दप्तर घेऊन दारात घुटमळली. डबा फडताळात आहे, नीघ, असं माईंनी तिला सांगितलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत त्या पातेल्यातला खडखडाट ऐकत उभ्या राहिल्या. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी स्वतःच पदर काढला.

आंघोळीनंतर माई आलवण पिळत असताना विष्णुपंत मोरीपर्यंत येऊन पाहून गेले. माईंनी ते ओलंच गुंडाळलं. कमरेशी जुनी आग पुन्हा उठली.

वस्तऱ्याचं पाणी मोरीत ओतून त्यांनी त्याच पातेल्यात डाळ शिजत घातली.